बेस अंपायरनं उभं राहायचं कुठे? लिटल लीगमधला माझा पहिला हंगाम

मध्य न्यू जर्सीत जानेवारी उजाडला की आमच्या लिटल लीगचे, म्हणजे मुलांच्या बेसबॉल-सॉफ्टबॉल संघटनेचे ईमेल सुरू होतात. नाव नोंदवा, शर्टाचं माप द्या, फी भरा, आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरात: स्वयंसेवक हवेत. कोच व्हायला बाबा लोकांची रांग लागते, खाण्याच्या स्टॉलवर उभं राहायला आयांची. अंपायर व्हायला मात्र कुणी पुढे येत नाही, कारण दोन्ही बाजूंची बोलणी खाणारा मैदानावर तो एकटाच. या वर्षी मी माझं नाव दिलं. लेक अकरा वर्षांची, सॉफ्टबॉल खेळते. धाकटा नऊ वर्षांचा, बेसबॉल. माझी स्वतःची क्रीडा कारकीर्द म्हणजे कोल्हापुरात शाळेच्या संघातून खेळलेला खो-खो. वय बेचाळीस. हे आधीच सांगून टाकते, कारण आपल्यातले बरेच जण "आपल्याला कुठे तो खेळ कळतो" म्हणून गप्प बसतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

लिहिण्याचं दुसरं कारण जरा तांत्रिक आहे. प्लेट अंपायर, म्हणजे कॅचरच्या (बॅटरमागे बॉल पकडणाऱ्याच्या) मागे मुखवटा लावून उभा असतो तो, त्याची जागा ठरलेली असते. बेस अंपायरची जागा दर बॅटरगणिक बदलते. शिवाय इंटरनेटवर शोधायला जावं तर बहुतेक व्हिडिओ मोठ्या मैदानाचे, जिथे दोन बेसमध्ये (रनरनं धावत गाठायच्या कोपऱ्यांमध्ये) ९० फूट अंतर असतं. आपली पोरं खेळतात ६० फुटी मैदानावर. ते व्हिडिओ बघून छोट्या मैदानावर गेलात तर भलत्याच जागी उभे राहाल. मला हवी असलेली माहिती एका ठिकाणी कुठेच मिळाली नाही, म्हणून सुरुवातीपासून सगळं क्रमानं सांगते.

आधी कागदपत्रं. लिटल लीगमध्ये मुलांच्या आसपास वावरणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाला दर वर्षी अर्ज भरावा लागतो, पार्श्वभूमी तपासणीला परवानगी द्यावी लागते आणि मुलांवरच्या अत्याचाराबद्दलचं ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. २०१८ साली अमेरिकेत यासंबंधी संघराज्याचा कायदा झाला, त्यानंतर हे प्रशिक्षण आलं. ते फुकट आहे. मी रात्री मुलं झोपल्यावर बसले आणि दीडेक तासात उरकलं. शेवटी प्रमाणपत्राची पीडीएफ येते, ती लगेच जपून ठेवा. पुन्हा त्या संकेतस्थळावर जाऊन पासवर्ड आठवत बसणं नको.

पार्श्वभूमी तपासणीत मात्र आमची गाडी अडली. कारण अगदीच मराठी: मधलं नाव. पासपोर्टावर नवऱ्याचं नाव मधे, ड्रायव्हिंग लायसन्सवर फक्त त्याचं आद्याक्षर, आणि लीगच्या अर्जात मधल्या नावाला रकानाच नाही. अर्ज जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात गेला, फेब्रुवारी निम्मा झाला तरी स्थिती 'प्रलंबित'. लीगच्या बाई म्हणायच्या तपासणीवाल्यांकडे आहे, तपासणीवाले म्हणायचे लीगशी बोला. शेवटी लायसन्सचा फोटो पुन्हा पाठवला, सोबत दोन ओळी लिहिल्या की ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत. दोन दिवसांत मंजुरी आली. तेव्हा जे ओळखपत्र जोडणार असाल, त्यावर जसं छापलंय तसंच नाव अर्जात लिहा. स्पेलिंगसुद्धा तेच.

व्हिसाचंही इथेच सांगते, कारण दोन मैत्रिणींनी विचारलं. आमच्या लीगचं अंपायरिंग बिनपैशाचं आहे. विल्यम्सपोर्टला भरणाऱ्या लिटल लीग वर्ल्ड सिरीजमध्ये टीव्हीवर दिसणारे अंपायरसुद्धा स्वयंसेवकच असतात. पण गावोगावच्या खासगी ट्रॅव्हल स्पर्धांमध्ये प्रत्येक सामन्याचं मानधन मिळतं. एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असाल आणि कामाचा परवाना नसेल, तर तिकडे जाऊ नका.

खर्च फार नाही. शर्ट आणि टोपी लीगनं दिली. करड्या रंगाची पँट ४२ डॉलर, काळे बूट ६५, आणि बॉल-स्ट्राइक-आउट मोजायचं हातातलं क्लिकर ७ डॉलर. मुखवटा, छातीचं कवच, पायांचे पॅड हे सगळं प्लेट अंपायरला लागतं, बेस अंपायरला नाही. नवशिक्यांना आधी बेसवर उभं करतात त्यामागे हेही एक कारण असावं. बुटांवर मात्र काटकसर करू नका. एप्रिलमध्ये इथलं गवत कायम ओलं असतं आणि बेस अंपायरला खूप पळावं लागतं.

मार्चच्या पहिल्या शनिवारी शाळेच्या जिममध्ये क्लिनिक, म्हणजे अंपायरांचं प्रशिक्षण शिबिर झालं. आमचे अंपायर-इन-चीफ सत्तरीचे आहेत, निवृत्त पीटी शिक्षक. आवाज असा की माइकची गरज नाही. जमलेल्यांत निम्मी हायस्कूलची मुलं, काही बाबा, आणि बायका म्हणजे मी आणि आणखी एक. नियमांचं पुस्तक त्यांनी अर्ध्या तासात बाजूला ठेवलं. म्हणाले, "नियम घरी वाचा. इथे उभं राहायला शिका."

मग त्यांनी जे केलं, त्यासाठी तरी क्लिनिकला जाच म्हणेन. जमिनीवर एक बेस टाकला. एका मुलाला ग्लव्ह देऊन फर्स्ट बेसमन केलं, एकाला रनर केलं आणि एकाला शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या फील्डरच्या जागेवरून बॉल फेकायला सांगितलं. आम्हा दोघींना अंपायर केलं. एक बेसच्या अगदी मागे, थ्रोच्या रेषेत. दुसरी थ्रोच्या रेषेला काटकोनात, पंधराएक फुटांवर. रनर पळाला, बॉल आला. दोघींनी निर्णय मोठ्यानं न सांगता कागदावर लिहायचा. असं बऱ्याच वेळा केलं, मग जागा बदलून पुन्हा. कागद ताडून पाहिले तर चुरशीच्या प्रसंगांत दोघींची उत्तरं वारंवार वेगळी. रेषेत उभी असलेलीला बॉल आपल्याकडे येताना दिसत होता, पण तो ग्लव्हमध्ये नेमका कधी पोचला हे समजत नव्हतं. काटकोनात उभी असलेलीला बॉल, ग्लव्ह, बेस आणि रनरचा पाय एकाच चौकटीत दिसत होते. क्रिकेटमध्ये रन-आउटची शक्यता दिसली की बोलर एंडचा अंपायर स्टंपच्या बाजूला का पळतो, ते मला त्या जिममध्ये खऱ्या अर्थानं कळलं.

मग चीफनी काटकोनातल्या अंपायरला आणखी पुढे आणलं, अगदी सहा फुटांवर. आपल्याला वाटतं जवळून जास्त चांगलं दिसेल. उलट होतं. इतक्या जवळून पाय बघायचा तर मान खाली, ग्लव्ह बघायचा तर मान वर. दोन्ही एकदम दिसतच नाही. "आधी कोन, मग अंतर" हे त्यांचं पालुपद. दिवसभरात किती वेळा म्हणाले असतील देव जाणे.

हे झालं फोर्स आउटचं, म्हणजे जिथे फील्डरनं बॉल हातात घेऊन बेसला पाय लावला की पुरे. रनरला बॉलनं शिवावं लागतं तो टॅगचा प्रसंग वेगळा. तिथे थोडं जवळ जायचं आणि ग्लव्ह व रनरचं अंग यांच्यामधली फट दिसेल अशी जागा घ्यायची. फट दिसत राहिली तर शिवलं नाही, फट बुजली तर शिवलं. फील्डरची पाठ आपल्याकडे झाली की सगळं झाकलं जातं, त्यामुळे शेवटच्या क्षणी एखादं पाऊल डावी-उजवीकडे टाकायची तयारी ठेवायची. पण बॉल पोचायच्या आत थांबायचं, हात गुडघ्यांवर, डोकं स्थिर. पळता पळता बघितलं तर डोळ्यांपुढचं चित्र हलतं.

मार्चच्या अखेरीस प्रत्यक्ष मैदानावर दुसरं सत्र झालं. कडाक्याचा वारा, बोटं बधिर. पण जागांचा सगळा गोंधळ त्या दिवशी सुटला. आता जरा सविस्तर सांगते. मैदान डोळ्यांपुढे येत नसेल तर मी केलं ते करा: लेकीच्या खोलीत गालिच्यावर चार कोस्टर ठेवा आणि वाचता वाचता उभे राहा.

बेस अंपायरच्या जागांना ए, बी, सी अशी नावं आहेत.

बेसवर कुणीही नसेल तेव्हा ए. फर्स्ट बेसमनच्या मागे दहा-बारा फूट, फाउल लाइनच्या (हिच्या आत फेअर, बाहेर फाउल) बाहेर, तोंड बॅटरकडे. दोन्ही पाय फाउल भागात हवेत. एक आत एक बाहेर असं तंगड्या पसरून उभं राहायचं नाही. कारण असं की, जोरात मारलेला बॉल अंपायर फाउल भागात असताना त्याच्या अंगावर आदळला तर तो सरळ फाउल. तुमचा एक पाय आत असेल तर फेअर की फाउल यावर दोन कोच आणि चाळीस पालक तुमच्याभोवती गोळा होतील. शिवाय तुम्ही ए मध्ये असताना फर्स्ट बेस आणि त्यापलीकडे लाइनवर पडलेला बॉल फेअर की फाउल हे तुम्हीच सांगायचं असतं. लाइनवरून सरळ नजर जायला हवी.

बॉल इनफिल्डमध्ये (बेसच्या आसपासच्या भागात) मारला गेला की ए मधून आत, फेअर भागात दोन-चार पावलं टाकायची आणि थ्रोला काटकोन साधायचा. थर्ड बेसवरून थ्रो येतोय की शॉर्टस्टॉपकडून, त्याप्रमाणे आपली जागा थोडी सरकते. फक्त बॉल सेकंड बेसमनकडे किंवा फर्स्ट बेसमनकडे गेला तर आत जायचं नाही, कारण थ्रो आपल्याच अंगावरून येणार. तेव्हा फाउल बाजूलाच थांबायचं आणि तिथून मिळेल तो सर्वांत चांगला कोन घ्यायचा.

फर्स्ट बेसवर रनर असेल तेव्हा बी. आणि गडबड होते ती इथेच. मोठ्या, ९० फुटी मैदानावर बी ही जागा डायमंडच्या (चार बेसच्या चौकोनाच्या) आत असते, पिचरच्या (बॉल टाकणाऱ्याच्या) उंचवट्याच्या मागे, सेकंड बेसच्या अलीकडे, जरा फर्स्टच्या बाजूला. कारण तिथे रनर पिचरनं बॉल टाकायच्या आधीच बेस सोडून चार-पाच पावलं पुढे सरकून उभा राहतो, पिचर मागे वळून त्याला बाद करायला फेकतो, आणि तो प्रसंग बघायला अंपायर जवळ लागतो. छोट्या मैदानावर यातलं काहीच नाही. लिटल लीगच्या मेजर गटात पिच बॅटरपर्यंत पोचेपर्यंत रनरला बेस सोडताच येत नाही. शिवाय ६० फुटांच्या चौकोनात आधीच पिचर आणि चार इनफिल्डर. त्यात सहावा माणूस घुसला तर बॉल लागायची, कुणाच्या तरी थ्रोच्या आड यायची भीती. म्हणून इथे बी म्हणजे डायमंडच्या बाहेर, फर्स्ट आणि सेकंडच्या मधे, सेकंड बेसमनच्या आसपास. त्याच्या वाटेत यायचं नाही, त्याला बॉल दिसायला आपली अडचण व्हायची नाही, एवढं पाहायचं. मी दर वेळी मुलाला विचारायची, "मी मधे येते का रे?" मुलं फार प्रामाणिकपणे सांगतात.

सेकंड किंवा थर्डवर रनर आला की सी. तेच, फक्त डायमंडच्या डाव्या अंगाला, सेकंड आणि थर्डच्या मधे, शॉर्टस्टॉपच्या बाजूला.

सॉफ्टबॉलचीही मूळ कल्पना हीच. बेसमधलं अंतर ६० फूटच, पिचर मात्र जवळ: मेजर गटात ४० फूट, मायनरमध्ये ३५. बेसबॉलमध्ये याच वयाला ४६. मेजर सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून बॉल सुटताच रनर निघू शकते, त्यामुळे तिथे तुमच्या नजरेच्या एका टोकाला पिचरचा हात आणि दुसऱ्या टोकाला रनरचा पाय एकाच वेळी हवा. बाहेर उभं राहिल्यानं हे जमतं. आत असता तर एक जण पुढे आणि एक मागे.

बेसबॉलमधल्या लवकर निघालेल्या रनरसाठी एक गमतीशीर नियम आहे. अंपायरनं खिशातून रुमाल काढून जमिनीवर टाकायचा आणि खेळ चालू ठेवायचा. खेळ थांबला की मग त्या रनरचं काय करायचं ते ठरतं. मी नवऱ्याचा लाल रुमाल घेऊन जायची. पहिल्यांदा टाकला तेव्हा लेफ्ट फील्डमधल्या एका गुणी बाळानं तो पळत येऊन मला आणून दिला.

बाहेर उभं राहायचं हे कळलं. पण कायम बाहेर नाही. चीफनी एक ओळ पाठ करायला लावली: बॉल आत तर अंपायर बाहेर, बॉल बाहेर तर अंपायर आत. म्हणजे बॉल इनफिल्डमध्ये असेल तर आपण डायमंडच्या बाहेरून बघायचं. आउटफिल्डमध्ये (त्यामागच्या मोकळ्या भागात) गेला की लगेच डायमंडच्या आत पळायचं. आत, पिचरच्या मागे पोचून वळलं की सगळे बेस आपल्या भोवती. रनर कुठल्याही बेसकडे पळो, दोन-तीन पावलांत कोन मिळतो. बाहेरच राहिलात तर मैदानाचा अर्धा भाग रनरच्या मागून बघत बसाल.

एकही रनर नसताना बॅटरनं आउटफिल्डमध्ये मारलं तर ए मधून आत पळत यायचं, गर्रकन वळून त्याचा पाय फर्स्ट बेसला लागतो की नाही ते बघायचं आणि मग त्याच्या बरोबरीनं आतून सेकंडकडे सरकायचं. हे वळणं मी पार्किंगमध्ये शिकले. धाकट्याला रनर केलं, एका आइस्क्रीमच्या बोलीवर. खो-खोतलं खांब गाठून वळणं अंगात कुठेतरी शिल्लक होतं, ते कामी आलं.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी पहिला सामना. मेजर बेसबॉल, सहा इनिंग, सकाळी दहा. प्लेटवर माझा जोडीदार सोळा वर्षांचा गुजराती मुलगा, त्याचा हा तिसरा हंगाम. गाडीतून उतरताना "नमस्ते आंटी" म्हणाला आणि मैदानाच्या रेषेच्या आत आल्यावर एकदम व्यावसायिक. सामन्याआधी पाच मिनिटं आमची बैठक झाली. ही बैठक कधीही टाळू नका. कोण काय बघणार ते आधी ठरवलं नाही तर एकाच प्रसंगाला दोन निर्णय होतात, किंवा एकही होत नाही.

आमचं ठरलं ते असं. फर्स्टवर रनर असताना बॉल आउटफिल्डमध्ये गेला तर फर्स्ट आणि सेकंड माझं, आणि पुढचा रनर थर्डकडे गेला तर तो पळत येऊन थर्ड घेणार, येताना ओरडून सांगणार. बॉल उजव्या फाउल लाइनवर अडचणीचा पडतोय असं दिसलं की मी "गोइंग आउट" म्हणून तिकडे पळणार, मग बॅटर पूर्णपणे त्याचा. इनफील्ड फ्लायची (इनफिल्डमध्ये सोपा झेल उडाला की बॅटरला आपोआप बाद देण्याच्या नियमाची) शक्यता असली की दोघांनी एकमेकांना खूण करायची, हात छातीवर आडवा. दोन आउट असताना होमवर (बॅटरच्या बेसवर) धाव आधी पोचली की आउट आधी झाला याचा प्रश्न येऊ शकतो, त्यासाठी मनगटावर दोन बोटं. मुलगा म्हणाला, "आंटी, मला खूण केल्यावर तुम्हीही करा. नाहीतर मला वाटतं तुम्ही झोपलात."

माझ्या पोटात गोळा आला होता हे खरंच. पहिल्या इनिंगमध्ये तीन बॅटर स्ट्राइकवर बाद झाले, माझ्याकडे काहीच आलं नाही. दुसऱ्या इनिंगमध्ये शॉर्टस्टॉपकडे ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून गेलेला बॉल. मी आत दोन पावलं टाकली, थांबले, बेसवर नजर लावली आणि बॉल ग्लव्हमध्ये पडल्याचा आवाज ऐकायला कान टवकारले. मोठ्यांच्या खेळात हेच शिकवतात: डोळे पायावर, कान ग्लव्हवर. मुलांच्या खेळात यात एक मेख आहे. नऊ-दहा वर्षांच्या पोरांचे नवे कडक ग्लव्ह, उंच झोके घेत येणारा थ्रो, 'ठप्' असा आवाज होतच नाही. कधी बॉल ग्लव्हवर आपटतो, छातीला लागतो आणि दोन्ही हातांनी कवटाळला जातो, तोवर रनर पोचलेला असतो. कधी फर्स्ट बेसमन थ्रो पकडण्यासाठी ताणतो आणि पाय बेसवरून निसटतो. त्यामुळे पाय बघून झाल्यावर नजर वर उचलून बॉल खरंच पकडलाय का ते बघायचं, मगच हात उचलायचा. घाई नाही. जोडीदारानं सांगितलेली युक्ती: मनात "काय झालं?" असं विचारायचं, उत्तर मिळालं की निर्णय द्यायचा. तेवढा अर्धा सेकंद पुरतो.

तो पहिला बॅटर आउट होता. मूठ आवळून हात वर केला, आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. कुंपणामागून कुणीतरी "नाइस कॉल, ब्लू" म्हणालं. अंपायरला इथे सगळे 'ब्लू' म्हणतात. चौथ्या इनिंगमध्ये तोच माणूस तेवढ्याच उत्साहात "कम ऑन, ब्लू!" करत होता. हे असंच चालतं.

आमच्या मैदानावर फर्स्टला दुहेरी बेस आहे, पांढरा फेअर भागात आणि नारिंगी फाउल भागात. फील्डर पांढऱ्यावर, रनर नारिंगीवर, म्हणजे टक्कर नको. त्यामुळे ए मधून निर्णय देताना दोन पाय दोन वेगळ्या ठिकाणी बघायचे असतात, आणि काटकोनातून हे सोपं जातं. तुमच्या मैदानावर तसा बेस आहे का ते सामन्याआधीच बघून घ्या.

सगळ्यात जास्त पळापळ होते ती ओव्हरथ्रोमुळे. या वयात फर्स्टवर केलेला थ्रो फर्स्ट बेसमनच्या डोक्यावरून कुंपणाकडे जाणं हे रोजचंच. 'सेफ' म्हणून आपण निवांत झालो की संपलं. बॉल मैदानाबाहेर गेला का ते बघायचं, रनर सेकंडकडे वळला तर आत पळायचं, आणि एक डोळा बेसच्या वाटेवर ठेवायचा, कारण फील्डर बॉलकडे टक लावून बघत नेमका रनरच्या वाटेत उभा राहतो. ही अडवणूक बॉलच्या मागे डोळे लावून बसलेल्या अंपायरला दिसतच नाही. प्रेक्षक बॉल बघतात. अंपायरनं बॉलकडे ओझरतं बघायचं, मग बेस, मग रनर.

सेकंड चोरायचा, म्हणजे बॉल मारला गेला नसतानाच रनरनं तिकडे पळायचा प्रयत्न हा दुसरा वारंवार येणारा प्रसंग. बी मध्ये असताना कॅचरचा थ्रो सुटला की त्याच्याबरोबर आपलं तोंड वळवायचं आणि बेसकडे दोन पावलं टाकून टॅगची फट शोधायची. आधीच बेसजवळ जाऊन उभं राहायचा मोह होतो. तो टाळायचा. थ्रो कुठल्या बाजूला येतोय आणि फील्डर कुठल्या हातानं खाली येतोय हे कळल्याशिवाय चांगली जागा कुठली तेच ठरत नाही.

मे महिन्यात सॉफ्टबॉलचे सामने मिळू लागले. लेकीच्या संघाचे सोडून. आपल्या मुलाच्या सामन्यात अंपायरिंग करायचं नाही असा आमच्या घरचा नियम, लेकीनंच केलेला. एका सामन्यात फर्स्टवरच्या निर्णयावर एक कोच तावातावानं आले. बरोबरीचा प्रसंग होता, बरोबरी झाली की रनरला द्यायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. ही समजूत इथे घराघरांत आहे. नियमाची भाषा साधी आहे: बॅटर फर्स्टला पोचायच्या आधी बेसला किंवा त्याला बॉलनं शिवलं तर आउट. मी एवढंच म्हटलं की मी काटकोनात होते, मला पाय आणि ग्लव्ह दोन्ही दिसले, आणि हा नजरेचा निर्णय आहे. लिटल लीगमध्ये नजरेच्या निर्णयावर वाद घालता येत नाही, नियम चुकीचा लावला असेल तरच दाद मागता येते. ते मागे गेले. वाद मिटतात ते बहुतेक आपण कुठे उभे होतो यावर. निर्णयाच्या वेळी तुम्ही थांबलेले आणि कोनात दिसलात तर निम्मे लोक बोलतच नाहीत. चाळीस फुटांवरून हात उचललात तर निर्णय बरोबर असूनही ऐकून घ्यावं लागतं.

आणि खरंच दिसलं नसेल, समोर फील्डरची पाठ आली असेल, तर जोडीदाराला विचारायची सोय आहे. बाजूला जाऊन, हळू आवाजात, दोघांतच. प्लेट अंपायर फर्स्ट लाइनवर थोडा वर सरकलेला असतो, त्याला निसटलेला पाय कधी कधी आपल्यापेक्षा चांगला दिसतो.

काही बारीकसारीक गोष्टी, ज्या मला कुणी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन इनिंगच्या मधे बेस अंपायर उजव्या आउटफिल्डच्या सुरुवातीला गवतावर उभा राहतो आणि पिचरचे सरावाचे पिच मोजतो. आठ पिच किंवा एक मिनिट. हीच पाणी प्यायची वेळ. पालकांशी गप्पा मारायला कुंपणापाशी जाऊ नका, समोरच्या संघाच्या डोळ्यांत येतं. सनस्क्रीन मानेच्या मागेही लावा. क्लिकर डाव्या हातात धरा, उजवा निर्णयासाठी मोकळा हवा. आणि डायमंडच्या बाहेर उभं राहताना टाचेनं मातीत बारीक रेघ ओढून ठेवायची मला सवय लागली. पुढच्या बॅटरला परत त्याच जागी यायला सोपं जातं, आणि मुलाच्या फार जवळ सरकलोय का हेही कळतं.

जूनच्या मध्यावर आमचा हंगाम संपला. पुढचं काम ५०/७० मैदानाचं. म्हणजे पिचर ५० फुटांवर, बेस ७० फूट, आणि रनरला बेस सोडून पुढे सरकायला परवानगी. तिथे बी आणि सी दोन्ही डायमंडच्या आत जातात, त्यामुळे आतापर्यंत शिकलेल्यातलं निम्मं नव्यानं करावं लागणार. त्याचं क्लिनिक ऑगस्टच्या शेवटी आहे, फी नाही, जेवण आपापलं. चीफनी सांगितलंय की आत उभं राहायचं तर बॉल चुकवायला आधी शिका, म्हणून सध्या धाकटा मागच्या अंगणात माझ्यावर टेनिसचे बॉल मारतोय. यावेळी बोली दोन आइस्क्रीमची आहे.